शब्द पाठ होतो, आपला कधी होतो?

बारामतीकर श्रोतेहो, आणि इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, निमगाव केतकी अशा गावांहून एसटीने आणि मोटरसायकलीने इथवर आलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर मराठी शाळेत शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी इंग्रजी शब्दसंपत्तीवर बोलावं, असा आग्रह संयोजकांनी धरला. मी तो आनंदाने मान्य केला, कारण मला जे सांगायचं आहे ते मराठी शाळेतूनच सुरू होतं.

या गावातल्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावून पाहा. टेबलावर वही उघडी असते, वहीत उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले असतात: शब्द, अर्थ, समानार्थी, विरुद्धार्थी. एका ओळीत ‘ॲबंडंट’, पुढे ‘विपुल’, त्यापुढे ‘प्लेंटिफुल’, शेवटी ‘स्केअर्स’. मुलगी डोळे मिटून ओळ म्हणते, डोळे उघडून ताडून पाहते आणि पुढच्या ओळीला लागते. स्पर्धा परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतात, त्यांना मार्क असतात आणि त्या मार्कांकडे एक अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं. या मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. वर्षभर शब्द पाठ केलेली ही मुलगी मुलाखतीच्या खोलीत जाते, तेव्हा त्यातले किती शब्द तिच्या तोंडी येतात? चार पर्यायांत चटकन ओळखू आलेला शब्द साधा अर्ज लिहिताना कुठे जातो?

तो कुठेही जात नाही. तो तिचा झालेलाच नसतो. पाठ झालेला असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. व्याख्या, समानार्थी शब्द आणि विरुद्धार्थी शब्द ही तिन्ही साधनं उत्तम आहेत, जुनी आहेत आणि आपल्या मातीत रुळलेली आहेत. आपण ती वहीच्या रकान्यात कोंबून त्यांचं काम थांबवलं आहे. दुसरं म्हणजे, वरच्या पायरीचं इंग्रजी शिकण्यासाठी जी बारीक नजर लागते, ती बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या मुलांकडे आहे. मराठीत आहे, शेतीत आहे, कालव्याच्या पाण्यात आहे. इंग्रजीच्या तासाला मात्र आम्ही शिक्षक त्यांना ती नजर बाहेर ठेवून यायला सांगतो.

सुरुवात बारामतीपासूनच करू. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेला एक माणूस बाबूजी नाइकांच्या आश्रयाने या गावात आला, आयुष्यभर इथे राहिला आणि १७९४ साली इथेच वारला. मोरोपंत. आर्याभारत आणि केकावली ही नावं आपण शाळेत ऐकलेली असतात. त्यांनी एकशेआठ रामायणं रचली, हेही ऐकलेलं असतं. त्यांतलं एक ‘निरोष्ठ रामायण’. निरोष्ठ म्हणजे म्हणताना ओठाला ओठ लागू द्यायचा नाही. म्हणजे प, फ, ब, भ, म ही अक्षरं वर्ज्य. आता मुलांनो, तुम्ही विचार करा. रामायण लिहायचं आणि ‘म’ वापरायचा नाही! ‘राम’ हाच शब्द गेला. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान गेला, बिभीषण आणि कुंभकर्णही गेले. मग कथा सांगायची कशी? ज्याला ‘दाशरथी’ ठाऊक आहे, ‘जानकीनाथ’ ठाऊक आहे, ‘सीताकांत’ ठाऊक आहे, त्यालाच ती सांगता येईल. एका वस्तूला दहा नावं माहीत असणं ही पंडिती हौस आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने हा प्रयोग करून पाहावा. रस्ता बंद झाला की दुसरा रस्ता ठाऊक असणं, एवढाच समानार्थी शब्दांचा खरा उपयोग आहे. तो या गावात अडीचशे वर्षांपूर्वी सिद्ध झाला.

मोरोपंतांच्या काळी संस्कृत शिकणारा मुलगा अमरकोश पाठ करत असे. तीन कांडं, सुमारे दीड हजार श्लोक. त्यात शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. स्वर्गाचे शब्द एका ठिकाणी, पाण्याचे एका ठिकाणी, वनस्पतींचे एका ठिकाणी, असे विषयांनुसार वर्ग आहेत. पुढे १८५२ साली लंडनमध्ये पीटर रॉजे नावाच्या डॉक्टराने समानार्थी इंग्रजी शब्दांचा ‘थिसॉरस’ छापला. आजही त्याच्या नावाने तो जगभर खपतो. त्याचीही रचना कल्पनांच्या वर्गांनुसार होती. त्याच्या प्रस्तावनेच्या तळटीपेत अमरकोशाचा उल्लेख आहे आणि कोलब्रुकने केलेल्या, १८०८ साली सेरामपूरला छापलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराचाही आहे. आमच्या मुलांनी थिसॉरस हातात घेतला की परक्याच्या घरात आल्यासारखं बुजू नये, म्हणून हे मुद्दाम सांगते.

अमरकोशाचं खरं नाव ‘नामलिंगानुशासन’. नुसती नामं दिलेली नाहीत, लिंगही दिलं आहे. शब्द कळला म्हणजे त्याचा अर्थ कळला, एवढ्यावर तो थांबत नाही. तो शब्द वाक्यात कसा वागतो हेही त्याच दमात शिकवलं जात असे. आमच्या वहीतल्या चार रकान्यांमध्ये शब्दाच्या वागणुकीचा रकाना आहे का? नाही. पहिली गळती तिथे आहे.

आता व्याख्येकडे येते. व्याख्या म्हणजे काय, हे समजून घ्यायला मी तुम्हाला इंदापूर तालुक्यात नेणार आहे, १८३५ साली.

त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरवला होता. तो इतका जड झाला की लोक जमिनी टाकून जाऊ लागले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली. १८३६ साली इंदापुरात तीस वर्षांसाठी जो सारा बसवला गेला, तो पुढे सबंध मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा पाया ठरला. इंदापूरचं नाव त्यामुळे भारताच्या महसुली इतिहासात कायमचं कोरलं गेलं आहे.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न पाहा. शेतकरी म्हणतो, माझी जमीन हलकी. शेजारी म्हणतो, नाही, मध्यम. पाटील म्हणतो, चांगली काळी आहे. खरं काय? यावर त्या पद्धतीने तोडगा काढला तो असा: शेतात खड्डा घ्या. मातीचा थर किती खोल आहे ते हाताच्या मापाने मोजा, पावणेदोन हातांपर्यंत. माती कोणत्या जातीची ते पाहा: बारीक पोताची काळी, जाड पोताची तांबूस, की भुरकट बरड. मग दोष पाहा. खडे आहेत का, चुनखडी आहे का, उतार आहे का? प्रत्येक दोषामागे प्रत एक पायरी खाली. अशा नऊ प्रती ठरल्या, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत.

मित्रांनो, व्याख्या ती हीच. आधी जात सांगायची, मग त्या जातीत वेगळेपण काय ते सांगायचं, मग सीमा आखायची. इंग्रजी शब्दाची व्याख्या करताना हाच खड्डा घ्यावा लागतो. ‘ड्रॉट’ म्हणजे ‘दुष्काळ’ असं लिहून आपण पुढे जातो. पण ड्रॉट ही कोणत्या जातीची गोष्ट आहे? तो काळ आहे, पाऊस न पडलेला किंवा फार कमी पडलेला लांबलचक काळ. ‘फॅमिन’ म्हणजेही वहीत ‘दुष्काळ’च असतं. पण फॅमिन हा काळ नव्हे, ती परिस्थिती आहे: मोठ्या प्रदेशात लोकांना खायला अन्न नाही आणि माणसं भुकेने मरत आहेत. ‘स्केअर्सिटी’ ही तिसरीच जात. ते प्रमाण आहे: हवं तेवढं नाही. म्हणून ‘स्केअर्सिटी ऑफ वॉटर’ म्हणता येतं, ‘स्केअर्सिटी ऑफ फॉडर’ म्हणता येतं. ‘ड्रॉट ऑफ वॉटर’ म्हणता येत नाही. विद्यार्थी मात्र हटकून तसं लिहितात आणि आम्ही तांबड्या शाईने खोडतो. का खोडलं ते सांगत नाही. कारण व्याकरणात नाही, व्याख्येत आहे. काळाचा तुटवडा नसतो, पाण्याचा असतो.

व्याख्या कोणत्या शब्दांत करायची? आपल्याला येतात त्या शब्दांत. ही गोष्ट मायकेल वेस्ट या इंग्रज शिक्षकाच्या ध्यानात आली ती लंडनमध्ये नव्हे, ढाक्याला. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात असताना त्यांनी बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना अडखळताना पाहिलं. शब्दकोशात अर्थ पाहावा, तर अर्थातले शब्दच मूळ शब्दाहून अवघड! म्हणून त्यांनी एन्डिकॉट यांच्यासोबत १९३५ साली एक शब्दकोश काढला. त्यात सुमारे चोवीस हजार शब्दांचे आणि वाक्प्रचारांचे अर्थ फक्त १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. तिकडे हॉर्नबी हे दुसरे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. त्यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो जगापुढे आणला. आज आपण ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ म्हणून जो विकत घेतो, तो हाच. म्हणजे परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठीचा कोश जन्माला आला तो ढाक्यात आणि टोकियोत, तुमच्यासारख्या मुलांसमोर उभं राहून शिकवणाऱ्यांच्या हातून. तो तुमच्यासाठीच आहे. वाचनालयांच्या चालकांना माझी विनंती आहे: परीक्षांची मार्गदर्शकं पन्नास घ्या, पण असा एक कोश टेबलावर कायम उघडा ठेवा. कपाटात नको.

आणि मुलांनी काय करावं? शब्द भेटला की आधी मराठी अर्थ पाहा, जरूर पाहा, त्यात कमीपणा नाही. मग पुस्तक मिटा आणि तोच अर्थ आपल्याला येणाऱ्या सोप्या इंग्रजीत एका वाक्यात सांगा. सांगता आला नाही तर शब्द कळलेला नाही, हे निश्चित समजा.

आता समानार्थी शब्द. इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

दोन शब्द समानार्थी आहेत म्हणजे ते एकमेकांच्या जागी बसतात, असा आपला समज असतो. बसतात का? मराठीतच बघा. मुलगी सडपातळ असते आणि मुलगी हडकुळी असते. दोन्ही शब्दांचा कोशातला अर्थ बारीकच. स्थळ सांगून आलेल्या माणसासमोर यातला कोणता वापरायचा, हे इथल्या एकाही आजीला शिकवावं लागत नाही. इंग्रजीतही ‘स्लिम’ आणि ‘स्किनी’ असेच आहेत. थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा. आपण चुकूनही ‘मुसळधार थंडी’ म्हणत नाही. हे कुणी शिकवलं? कानांनी. शब्दांच्या जोड्या असतात आणि जोडीसकटच शब्द शिकायचा असतो. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो. अर्थ जवळचे असले तरी जागा बदलत नाहीत.

पण मला याहून मोठं उदाहरण द्यायचं आहे. ते आपल्या राज्याच्या कायद्यातलं आहे.

ब्रिटिशांच्या काळापासून कायद्यांत ‘फॅमिन’ हा शब्द होता. १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा केला आणि राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. त्याच्या जागी आला ‘स्केअर्सिटी’. त्यामागची भूमिका अशी की सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदतीची कामं सुरू करतं, तेव्हा फॅमिनची वेळ आता येणारच नाही. भूमिका समजण्यासारखी होती. पण पुढे नऊच वर्षांत काय आलं, हे या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना विचारा. बहात्तर साल आलं. खडी फोडायला गेलेले हात इथे आजही आहेत. सुकडी खाल्लेली मुलं आज आजोबा झाली आहेत. माणसं त्याला ‘बहात्तरची टंचाई’ म्हणतात का? कुणी म्हणताना ऐकलं आहे? बहात्तरचा दुष्काळ, असंच म्हणतात.

कायद्याने एका शब्दाच्या जागी त्याचा समानार्थी शब्द ठेवला. वहीच्या रकान्यात हे दोन शब्द शेजारी-शेजारी बसतात. पण शब्द बदलला की सरकारवरची जबाबदारी बदलते, वर्तमानपत्राचा मथळा बदलतो, माणसाच्या भुकेचं वजन बदलतं. २०२३ साली राज्याने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामतीही होतं आणि इंदापूरही. तेव्हा ‘गंभीर’ आणि ‘मध्यम’ अशा दोन प्रती होत्या, इंग्रजीत ‘सिव्हिअर’ आणि ‘मॉडरेट’. तुमच्या तालुक्यापुढे कोणता शब्द लिहिला आहे यावर सरकारी मदतीची चर्चा ठरते. हे शब्द ज्याला नीट कळतात, त्याला शासननिर्णयही नीट कळतो. वरच्या पायरीची शब्दसंपत्ती लागते ती यासाठी.

याच रानातली आणखी एक जोडी. ‘स्केअर्स’ आणि ‘रेअर’. दोन्हीचा अर्थ आपण ‘दुर्मीळ’ लिहितो. एप्रिल महिन्यात इंदापूरला कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी ‘स्केअर्स’ असतं. ते ‘रेअर’ नसतं. एरवी जे पुरेसं मिळायला हवं आणि मिळत नाही, ते ‘स्केअर्स’. मुळातच जे क्वचित आढळतं, ते ‘रेअर’. पाणी जर कुणी ‘रेअर’ म्हणू लागला, तर ते न मिळणं स्वाभाविक आहे असा अर्थ निघेल. टेलच्या शेतकऱ्याला तो अर्थ कधीही मान्य होणार नाही, आणि का मान्य होणार नाही हे त्याच्या मुलाला बरोबर समजतं. मग हा फरक त्या मुलाला इंग्रजीत अवघड का जावा? आम्ही उदाहरण त्याच्या बांधावरचं देत नाही म्हणून.

तेव्हा समानार्थी शब्दांच्या रकान्यात निव्वळ शब्द लिहू नका. दोन शब्द घ्या, तिसरा नको. एक वाक्य असं लिहा की ज्यात पहिला बसेल आणि दुसरा बसणार नाही. त्या एका वाक्याला जो वेळ लागतो, तोच अभ्यास.

विरुद्धार्थी शब्दांविषयी थोडक्यात सांगते. ‘हलका’चा विरुद्धार्थी शब्द कोणता? पोतं असेल तर ‘जड’. जमीन असेल तर ‘भारी’. रंग असेल तर ‘गडद’. एका शब्दाला एकच विरुद्ध शब्द असतो ही समजूत इथेच मोडते. विरोध शब्दाला नसतो, त्याच्या त्या-त्या अर्थाला असतो. इंग्रजी ‘लाइट’चं नेमकं हेच आहे: ‘लाइट सॉइल’च्या विरुद्ध ‘हेवी’, ‘लाइट कलर’च्या विरुद्ध ‘डार्क’. ‘फेअर’ हा शब्द घ्या. वहीत ‘अनफेअर’ लिहून आपण मोकळे होतो. मग ‘फेअर कॉपी’च्या विरुद्ध काय? ‘रफ’. ‘फेअर प्ले’च्या विरुद्ध? ‘फाउल’. गोऱ्या रंगाला ‘फेअर’ म्हणतात, तिथे ‘डार्क’.

दुसरी गोष्ट, सगळे विरोध एका जातीचे नसतात. जिवंत नाही म्हणजे मेलेला, यात मधलं काही नाही. पण गरम नाही म्हणजे थंड असं होत नाही, मध्ये कोमट आहे. ‘नॉट रिच’ म्हणजे ‘पुअर’ नव्हे. निबंधात हा घोळ फार होतो आणि माणसांबद्दल बोलताना तर अन्यायच होतो. तिसरी गोष्ट उपसर्गांची. पुढे ‘इन’ लागला की उलटा अर्थ, असं पाठ केलेला मुलगा ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल असं सांगून मोकळा होतो. त्याला विचारावं, ‘अमूल्य’ म्हणजे काय? अ लागलाय ना पुढे? तो लगेच हसतो. मूल्यच करता येणार नाही इतकं मोलाचं! मराठीने त्याला हे आधीच शिकवलेलं असतं.

आणि आता मी तुम्हाला साखर कारखान्याच्या गेटवर नेते. माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो. गाळप सुरू झालं की चहाच्या टपरीवर एक इंग्रजी शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो: एफआरपी. एफआरपी किती बसली, एकरकमी की तुकड्यांत, चौदा दिवसांत मिळाली का? निरक्षर आजीसुद्धा ‘एफआरपी’ म्हणते. पण या तीन अक्षरांच्या आत काय आहे, हे तिच्या बारावीतल्या नातवाला विचारा.

फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस. मराठीत ‘रास्त आणि किफायतशीर दर’. २००९ पर्यंत तिथे दुसरे शब्द होते: स्टॅच्युटरी मिनिमम प्राइस, म्हणजे कायद्याने ठरवलेला किमान दर. त्या वर्षी ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि ‘मिनिमम’ गेला, ‘फेअर’ आणि ‘रिम्युनरेटिव्ह’ आले. दर ठरवताना उत्पादकाची जोखीम आणि नफा यांचाही विचार करायचा, असं त्यात आलं. त्यातून शेतकऱ्याच्या पदरात खरंच किती पडलं हा वेगळा वाद आहे आणि तो वाद घालायला इथे माझ्यापेक्षा जाणकार माणसं बसली आहेत. मी शब्दांपुरतं बोलते. ‘फेअर’ आणि ‘रिम्युनरेटिव्ह’ हे समानार्थी आहेत का? नाहीत. नाहीतर दोन्ही लिहिले नसते. दर रास्त असू शकतो, म्हणजे कुणावर अन्याय करणारा नाही, आणि तरीही तो किफायतशीर नसू शकतो, म्हणजे घातलेल्या कष्टांचा आणि पैशांचा मोबदला त्यातून निघत नाही. दोन्ही कसोट्या एकदम लागू व्हाव्यात म्हणून दोन शब्द.

‘रिम्युनरेटिव्ह’ची भावंडं पाहा. ‘प्रॉफिटेबल’: नफा होतो, मग तो कसाही होवो. ‘ल्युक्रेटिव्ह’: भरपूर पैसा देणारं. उसाला ‘ल्युक्रेटिव्ह’ दर मागितला तर समोरचा म्हणेल, शेतकरी हावरा आहे. ‘रिम्युनरेटिव्ह’ मागितला तर म्हणेल, श्रमाचं मागतो आहे. मागणीपत्र लिहिणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा. विरुद्धार्थी? ‘अनरिम्युनरेटिव्ह’. ‘लॉस’ नव्हे. तोटा झाला नाही, पण परवडलंही नाही, अशी शेती आपण सगळ्यांनी केलेली आहे.

आता ‘रिम्युनरेटिव्ह’ हा शब्द फोडू. संस्कृतात आपण एक मजा शिकलो आहोत: ‘हृ’ हा एकच धातू, पण प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. लॅटिनमधून आलेले इंग्रजी शब्द असेच बनतात. लॅटिनमध्ये ‘मूनुस’ म्हणजे कर्तव्य, सेवा, दिलेली देणगी. पुढे ‘रि’ लागला आणि दिल्याच्या बदल्यात परत देणं आलं: रिम्युनरेशन. परीक्षेच्या सुपरव्हिजनचं जे आम्हा शिक्षकांना मिळतं ते. गावासाठीची कर्तव्यं पत्करणारी ती म्युनिसिपालिटी. कर्तव्यांतून, करांतून सूट मिळालेला तो मुळात ‘इम्यून’. मग रोगापासून सूट मिळालेला इम्यून झाला, आणि करोनात ‘इम्युनिटी’ हा शब्द तर वाडीवस्तीवर पोहोचला. ज्यांची कर्तव्यं सामाईक ती कम्युनिटी. एका मुळावर चार शब्द, चारही तुम्ही आधीच ऐकलेले. यादीतून पाठ करायला गेलात तर ते चार वेगवेगळ्या पानांवर येतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाला उपसर्ग, धातू, प्रत्यय हे शब्द पाठ्यपुस्तकाने दिलेले आहेत. हा त्याचा भक्कम वारसा आहे. तो इंग्रजीच्या तासाला का वापरू नये?

गुरुजींच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवलं, मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत. तिच्यावर पुढे टीका झाली, काही रास्तही होती. पण त्या वाटेने गेलेला माणूस दोन्ही भाषांत सावध असे. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. मुलांच्या कानांवर इंग्रजी लवकर पडू लागलं ही चांगली गोष्ट. मात्र त्याच काळात मराठी शब्द बारकाईने पाहण्याची सवय सुटत गेली. ज्या मुलाला टंचाई, तुटवडा, अवर्षण, दुष्काळ यांतला फरक सांगता येत नाही, त्याला ड्रॉट आणि फॅमिन यांतला फरक आयुष्यात कधी सांगता येणार आहे?

इंग्रजांची गोष्ट यात शिकण्यासारखी आहे. त्यांना आपला मुलूख चालवायचा होता, तर त्यांनी आधी मराठीचा शब्द न् शब्द गोळा केला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, चाळीस हजार शब्दांचा. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते साठ हजार झाले. इंदापुरात जमिनीची प्रत ठरायला लागली, तेव्हा तो कोश अवघा चार वर्षांचा होता. जमीन मोजायला आलेल्या माणसांना ‘बरड’ कळावं लागलं, ‘काळी’ कळावं लागलं. ते शब्द कामातून शिकले. आज तोच मोल्सवर्थ शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात तुमच्या मोबाईलवर फुकट उघडतो. मराठी शब्दाला साजेसे इंग्रजी शब्द शोधायला त्याच्याइतका मोठा खजिना आजही दुसरा नाही. भाषा जुनी आहे, तेवढी ध्यानात ठेवून वापरा.

तर कामातून शिकण्याबद्दल शेवटचं बोलते आणि थांबते. आपल्या दोन तालुक्यांत किती इंग्रजी शब्द रोजच्या वापरात आहेत, याची कधी नोंद केली आहे का? नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात आला, आणि त्याच्यासोबत रोटेशन, आउटलेट, टेल आले. कारखान्यासोबत क्रशिंग आणि रिकव्हरी आली. द्राक्षं परदेशी जायला लागली, तसा ‘रेसिड्यू’ आला. इंदापूरचा द्राक्षबागायतदार ‘रेसिड्यू’ म्हणतो, तेव्हा त्याला त्याची व्याख्या पक्की ठाऊक असते: फवारलेल्या औषधाचा मण्यात उरलेला अंश. पण त्याच्या मुलीच्या वहीत ‘रेसिड्यू’ नाही आणि ‘रेसिड्युअल’ही नाही. तिने पाठ केलेला शब्द कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या प्रश्नपत्रिकेतून आलेला आहे.

शिक्षक मित्रांनो, या वर्षी एक काम करू या. प्रत्येक शाळेने आणि कॉलेजने आपापल्या गावातले असे शब्द मुलांकडून गोळा करावेत. कालवा, कारखाना, मार्केट यार्ड, दूध डेअरी, एमआयडीसी, दवाखाना, बँक, तहसील कचेरी. मुलांनी त्या-त्या माणसाकडे जाऊन विचारावं: तुम्ही हा शब्द कशाला म्हणता? कशाला म्हणत नाही? ‘कशाला म्हणत नाही’ हा प्रश्न विसरायचा नाही, सीमा त्यातून कळते. मग शब्दाची व्याख्या सोप्या इंग्रजीत, एक जवळचा शब्द आणि त्याच्याशी असलेला फरक, ज्या अर्थाने वापरला त्या अर्थाचा विरुद्ध शब्द, आणि एक खरं वाक्य. एका पानावर एकच शब्द. वहीत उभ्या रेघा नकोत. वर्षाअखेरीस बारामती आणि इंदापूरच्या वह्या एकत्र आणून पडताळून पाहू. कालव्याच्या हेडच्या गावात आणि टेलच्या गावात ‘रोटेशन’ची व्याख्या एकच निघते का, हे पाहायला मी स्वतः उत्सुक आहे.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. आधी विद्यार्थ्यांनी विचारावं, मग मोठ्यांनी. मराठीत विचारा, इंग्रजीत विचारा, कसंही चालेल.